प्लग नग एक, स्वच्छ व सुस्थितीत

इंदापूरला मोटारसायकलींच्या शर्यती भरवणाऱ्या मंडळाने यंदा स्मरणिका काढायचे ठरवले आहे. तिच्यासाठी कै. हणमंत मिस्त्री यांच्यावर मी काही लिहावे, अशी विनंती मला पत्राने करण्यात आली. पत्रात तीन अटी आहेत. मजकूर दोनशे शब्दांचा असावा, सूर श्रद्धांजलीचा असावा आणि ‘त्या अप्रिय प्रसंगाचा’ उल्लेख टाळावा. पत्रावर जावक क्रमांक नाही, तारीख नाही, आणि सही कोणाची आहे हे सही करणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

मी उलट टपाली कळवले, की ज्या माणसावर आपल्या मंडळाने आजीव बंदी घातली आणि ती त्याच्या मरणापर्यंत उठवली नाही, त्याला श्रद्धांजली वाहण्याचा अधिकार आपणास पोहोचत नाही. आधी बंदीचा ठराव रद्द करा, मग माझे शब्द मोजा. त्यावर मंडळाच्या चिटणिसांनी मला दूरध्वनीवरून, म्हणजे कोठेही नोंद राहणार नाही अशा बेताने, समजावले, की माणूस गेला की आजीव बंदी आपोआपच संपते. वेगळा ठराव कशाला? युक्तिवाद म्हणून यात खोट काढता येत नाही, आणि माझा संताप त्यामुळेच आवरत नाही. शिक्षा भोगून संपली म्हणजे आरोप खोटा ठरत नसतो.

तेव्हा स्मरणिकेत जे मावणार नाही ते येथे लिहितो.

हणमंत मिस्त्रीची आणि माझी ओळख माझ्याच तक्रारीमुळे झाली. न्यायालयाच्या नाझर शाखेत बत्तीस वर्षे जप्तीच्या वस्तू सांभाळून मी निवृत्त झालो आणि बारामतीत एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यामागे घर बांधले. त्या रस्त्यावर दररोज दुपारी एक टू-स्ट्रोक मोटारसायकल किंचाळत निघे, आवाज चढत चढत टिपेला जाई आणि तेथेच एकदम तुटे. आवाजाचा त्रास होताच. पण त्याहून त्याच्या तुटण्याचा होता. अंधारात पायरी समजून पाय टाकावा आणि तेथे पायरीच नसावी, तशी माझी वामकुक्षी रोज कोसळे. मी पोलीस ठाण्याकडे एक आणि नगरपरिषदेकडे एक असे अर्ज दिले. विरुद्ध पक्षाला प्रत मिळाल्याशिवाय तक्रार न्याय्य होत नाही, म्हणून तिसरी प्रत घेऊन स्वतः त्याच्या शेडवर गेलो.

पत्र्याची शेड होती, पाटी नव्हती. आत भिंतभर खिळे, प्रत्येक खिळ्याला टांगलेला एकेक स्पार्क प्लग आणि त्याला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. उन्हात एका पालथ्या क्रेटवर साठीचा, काटकुळा, पांढरा शुभ्र सदरा घातलेला माणूस बसला होता. गॅरेजात इतका पांढरा सदरा मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. आणि त्याचे हात! पानावर बसण्यापूर्वी धुवावेत तसे तो साबणाने, कोपरापर्यंत, धूत होता. हात कोरडे केल्यावरच त्याने एक प्लग षट्कोनी बाजूने उचलला आणि घड्याळजी लावतात तसले भिंग डोळ्याला लावले. प्लगच्या टोकाशी चिनी मातीचा जो भाग असतो, त्याला तो कधीच बोट लावत नसे आणि दुसऱ्यालाही लावू देत नसे.

मी अर्जाची प्रत पुढे केली. त्याने ती हातात घेतली नाही.

“तुमीच वाचा की, कोर्टसाहेब. मला अक्षर येतंय, पर गोडी न्हाय.”

मी न्यायालयात कारकून होतो, कोर्ट नव्हतो, हे त्याला पुढे मी अनेकदा सांगितले. तो मला शेवटपर्यंत कोर्टसाहेबच म्हणाला. अशा रीतीने त्याच्याविरुद्धची तक्रार मी त्याला उभ्याने वाचून दाखवली. तो डोळे मिटून, मान हलवत, कीर्तनाला बसल्यासारखा ऐकत होता. ‘दररोज दुपारी तीन वाजता’ या शब्दांशी त्याने हात वर केला.

“अडीच लिवा. तीनला ऊन तिरकं हुतंय, प्लग नीट दिसत न्हाय. तुमच्या अर्जात चूक ऱ्हायला नगं.”

पुढे ‘अचानक बंद पडणारा कर्णकर्कश आवाज’ आला, तेव्हा त्याने डोळे उघडले. “ह्ये मातर येकदम बरोबर. बाकीचे म्हंत्यात, आवाज लई. बंद पडल्याचं कळलेला पयला माणूस तुमी.”

मग त्याने मला समजावून दिले. इंजिन पुरते पिळायचे, आणि पिळलेले असतानाच एका क्षणात क्लच दाबून ते मारायचे, म्हणजे बंद करायचे. नंतर गाडी ढकलत आणायची आणि प्लग काढून पाहायचा. पुऱ्या वेगात पेट्रोल कमी पडते की जास्त, हे त्या चिनी मातीवर त्या क्षणी उमटलेले असते.

“आन् तशीच चालवत आणली तर?” मी नकळत त्याच्या बोलीत विचारले.

“तर प्लग वाटंत समदं इसरतो, साहेब. घरापातुर येस्तवर साक्ष फिरवतो.”

बत्तीस वर्षांत असे साक्षीदार मी शेकड्यांनी पाहिले होते. वेशीपासून न्यायालयाच्या पायरीपर्यंतच्या रस्त्यात ज्यांची स्मरणशक्ती धुऊन निघाली नाही असे फार थोडे. हा माणूस घटनास्थळीच पंचनामा करत होता, आणि तोही दररोज, कोणी सांगितले नसताना. मी अर्ज मागे घेतला नाही, कारण प्रश्न तत्त्वाचा होता. ‘तीन’ खोडून ‘अडीच’ केले आणि खाडाखोडीवर सही केली. अर्जाचे पुढे काय झाले ते नगरपरिषदेलाच ठाऊक असावे, किंवा नसावे. मी मात्र दुसऱ्या दिवशी अडीचला घराबाहेर उभा होतो.

त्यानंतरची पाच-सहा वर्षे माझ्या दुपारी त्या शेडमध्ये गेल्या. मला स्टूल मिळाले, चहा मिळाला आणि पुष्कळ अपमान मिळाले. कार्ब्युरेटरमध्ये एक बारीक पितळी तुकडा असतो, त्याला जेट म्हणतात. त्याच्या भोकातून इंजिनाला पेट्रोल मिळते. नंबर मोठा तर भोक मोठे. हणमंत मिस्त्रीचे सारे आयुष्य त्या भोकाचा नंबर ठरवण्यात गेले. प्लग पांढराफटक आला तर इंजिन उपाशी; ते तापते आणि आतला पिस्टन वितळून त्याला भोक पडते. काळा, काजळी धरलेला आला तर अजीर्ण. आणि भाजलेल्या भुईमुगाच्या टरफलासारखा आला, तर तो काहीच बोलत नसे; प्लगला चिठ्ठी बांधून भिंतीवर लावत असे. चिठ्ठीवर पेन्सिलीने गाडी, जेटचा नंबर आणि हवा. हवेचा रकाना मोठा असे: ‘उजनीकडनं वारं, गार’; ‘ढग, दम कोंडतो’; ‘कारखाना सुरू, राख’. ट्यूबलाइटखाली त्याने कधीही प्लग पाहिला नाही. पावसाळी अंधारून आले तर गिऱ्हाइकाला परत पाठवी. “दिव्याच्या उजेडात समदेच चांगले दिसत्यात,” असे म्हणे.

माणसांनाही तो याच मापाने तोलत असे. मी एकदा वीज मंडळाला लिहिलेले पत्र त्याला वाचून दाखवत होतो आणि माझा आवाज नेहमीप्रमाणे चढला. तो शांतपणे म्हणाला, “कोर्टसाहेब, पिळणं वाईट न्हाय. पर तुमी उपाशी इंजिन पिळताय. येक दिस भोक पडंल.” मी त्यावर आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी पत्राला उत्तर आले नव्हते, म्हणून गेलो.

आता ओंकारशेठ. हे मंडळाचे तेव्हाचे आणि आताचेही अध्यक्ष, आणि तांत्रिक समितीचेही अध्यक्ष, कारण मंडळात खुर्च्या पुष्कळ आणि बसणारा एक. टायरचे दुकान आणि कांजी केलेले पांढरे कपडे ही त्यांची तंत्रज्ञानातील पात्रता. त्यांनी बाहेरून एक महागडी गाडी आणवली होती आणि तिच्यासाठी शर्यतीचे खास पेट्रोल, पत्र्याच्या डब्यातले. ते घेऊन ते एकदा हणमंतच्या शेडवर आले. प्लग पांढरा येत होता. फोनवर त्यांनी पाहून ठेवले होते, की पांढरा म्हणजे उपाशी.

“तात्या, चार नंबर वाढवून टाका.”

हणमंतने हात धुतले. भिंग लावले. टोकाकडे पाहिलेही नाही; प्लग उभा धरून पार आत पाहिले, जिथे चिनी माती लोखंडात शिरते. “काय वाढवायचं कारण न्हाय, शेठ. ह्ये पेट्रोल रंग देत न्हाय. तळाला बघा, दोऱ्यायेवढी काळी रेघ हाय गोल. पोट भरलंय ह्येचं.”

“पण पांढरा दिसतोय की धडधडीत!”

“पांढरं घातलं म्हणून कोण उपाशी नसतंय, शेठ. आपल्या तालुक्यात तर उलटंच हाय.”

शेडमध्ये चार माणसे होती, चारीही हसली. ओंकारशेठच्या सदऱ्याची घडी मोडली नाही, पण चेहऱ्याची मोडली. त्यांनी गाडी उचलली, दुसरीकडून चार नंबर वाढवून घेतले, आणि पुढच्या रविवारी ती गाडी डासांसाठी फवारणी करणाऱ्या यंत्रासारखी धूर सोडत मैदानात निम्म्यावर थांबली. कोणी आपले नुकसान केले तर माणूस कधीतरी क्षमा करतो. आपल्याविषयी कोणी बरोबर ठरले, तर करत नाही.

हणमंतच्या हाताखालची गाडी चालवायची ती अश्विनी. एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत ती दूध तपासायची, आणि रविवारी डर्ट ट्रॅकवर मुलांना धूळ चारायची. वय सत्तावीस, अंगाने किरकोळ, जिभेने नाही. घरी भाजीपाल्याची बागायत. शर्यतीचे वेड घरच्यांनी आधी नाकारले, मग सोसले, मग गावभर सांगायला सुरुवात केली. हणमंतने तिला शिकाऊ म्हणून कधी वागवले नाही. तिने नमुने तपासलेले असत, म्हणून तो तिला आपल्या बरोबरीची समजे.

“तात्या, दुधाला फॅट लागली नाही तर आम्ही दूध परत पाठवतो. तुम्ही काय करता?”

“आमी चालवणाऱ्याला परत पाठवतो,” तो म्हणाला.

आता तो अप्रिय प्रसंग.

त्या वर्षी मंडळाने नियम केला, की सर्व स्पर्धकांनी मंडळाच्याच पिंपातले शर्यतीचे पेट्रोल वापरायचे. बाहेरचे कोणी मिसळू नये म्हणून त्यात लाल रंग घातलेला होता. दुसरा नियम असा, की तपासणीनंतर कार्ब्युरेटरला शिक्का लागेल आणि जेट बदलायचा तर तांत्रिक समितीची परवानगी लागेल. शर्यत इंदापूरजवळच्या माळावर. सकाळी सरावाच्या फेरीनंतर अश्विनीने सरळ पट्ट्यावर इंजिन मारले, गाडी ढकलत आणली आणि हणमंतने प्लग काढला. मी शेजारी होतो. टोक असे सुरेख भाजलेल्या टरफलाच्या रंगाचे, की बघणाऱ्या दोघा-तिघांनी वाहवा केली.

हणमंत मात्र बराच वेळ आत बघत राहिला. मग म्हणाला, “वरचा रंग पावना हाय. पेट्रोलात घातलेला रंग बसलाय त्यो. घरचं माणूस तळाला असतंय, आन् तळाला कोणच न्हाय. रेघच न्हाय. दोन नंबर वाढवायला लागंल, न्हायतर पिस्टन जाईल.”

परवानगीसाठी तो व्यासपीठावर गेला. तेथे ओंकारशेठ दोन तास उशीर झालेल्या प्रमुख पाहुण्यांची वाट पाहत हारांची मोजणी करत होते. हणमंतने रुमालावर ठेवलेला प्लग पुढे केला. ओंकारशेठनी तो उचलला, चिनी मातीवर अंगठा टेकवून.

“मस्त आलाय की, तात्या! शेंगंच्या टरफलावानी. ह्योच रंग पायजे म्हणता ना तुमी?”

“साध्या पेट्रोलला म्हंतो, शेठ. ह्येज्यात रंग घातलाय.”

“म्हंजी मंडळाच्या पेट्रोलात खोट काढताय व्हय? पावने येत्यात, खाली जावा बरं.”

हणमंत खाली आला आणि अश्विनीला म्हणाला, “निघू नगंस.”

तिने हेल्मेटचा पट्टा आवळला. “तात्या, वर्षभर थांबलेय ह्या शर्यतीसाठी. अर्धंच पिळते. तिसरी-चौथी आले तरी बास.”

तिने शब्द दोन फेऱ्या पाळला. तिसऱ्या फेरीला ती दुसरी होती आणि पुढचा गडी दोन हातांवर होता. तिने पुरते पिळले. आवाज टिपेला गेला आणि तुटला. परंतु या वेळी तो कोणी तोडला नव्हता. इंजिन जाम झाले, मागचे चाक अडकले आणि ती वळणाच्या बांधावर फेकली गेली. गळपट्टीचे हाड मोडले. हणमंत तिच्यापाशी धावला, तिला रुग्णवाहिकेत चढवेपर्यंत तिचे हेल्मेट छातीशी धरून उभा राहिला, आणि मग परत गाडीपाशी जाऊन त्याने हात धुतले. माळावर पाणी नव्हते. कोणाच्या तरी बाटलीतले मागून घेतले. प्लग काढला. टोकावर तोच सुरेख रंग होता, आणि त्या रंगावर सुईच्या अग्राएवढे चंदेरी ठिपके.

“पिस्टन हाय ह्यो,” तो मला म्हणाला. “वितळून उडालाय. समदं लिवलंय हितं.”

आठव्या दिवशी मंडळाची नोटीस आली. ‘आपल्या अकुशल जोडणीमुळे अपघात घडून मंडळाच्या नावलौकिकास बाधा आली असल्याने आपणांस कुंपणाच्या आत येण्यास आजीव मनाई का करण्यात येऊ नये.’ हणमंत ती न उघडता माझ्याकडे घेऊन आला. मी ती वाचून दाखवली. ‘अकुशल’ या शब्दाशी तो खाली बसला. चाळीस वर्षांत त्याला कोणी चोर म्हटले असते तर तो हसला असता.

“कोर्टसाहेब,” तो म्हणाला, “ह्या येका बारीला तुमी पिळा.”

मी पिळले. अकरा पानी उत्तर, सोबत परिशिष्ट अ ते ड. तोंडी सुनावणीची मागणी केली. मूळ पुरावा, म्हणजे तो प्लग, पोच घेतल्याशिवाय मंडळाच्या ताब्यात देऊ नये, हे मीच ठरवले. पावतीही मीच लिहिली, दोन प्रतींत, आणि चिटणिसांची सही घेऊन प्लग मोहोरबंद पाकिटात दिला. हे करताना मला जो आनंद झाला तो निवृत्तीनंतर पहिलाच होता, हे मान्य करतो.

सुनावणी मंडळाच्या इंदापूरच्या कार्यालयात झाली. समोर ओंकारशेठ, बाजूला चिटणीस. अलीकडे हणमंत, हात गळ्यात बांधलेली अश्विनी आणि मी. अश्विनीने प्रथमच सांगून टाकले, “तात्यांनी नको म्हटलं होतं. मी ऐकलं नाही.” यावर तिचा जबाब ‘हितसंबंधी व्यक्तीचा’ म्हणून नोंदवून बाजूला ठेवण्यात आला. मग मी विजयाच्या तयारीने पाकीट उघडण्याची विनंती केली.

पाकिटातून प्लग निघाला. तो लखलखत होता. दुकानातल्या काचेच्या कपाटातसुद्धा प्लग इतका पांढरा दिसत नाही.

मी विचारले, “हे कोणी केले?”

चिटणीस संकोचाने, पण काहीशा अभिमानानेच म्हणाले, “मीच केलं, साहेब. मोहोर फोडून बघितलं तर प्लग घाण. आणि तुमच्या पावतीत स्पष्ट लिवलंय, ‘स्पार्क प्लग नग एक, स्वच्छ व सुस्थितीत’. उद्या तुमी म्हणणार, आमी चांगला दिला, मंडळानं काळा केला. तुमच्या पत्रांची धास्तीच हाय तशी. म्हणून तारेच्या ब्रशनं घासला आन् पेट्रोलनं धुतला. आता पावतीबरहुकूम हाय.”

अश्विनी म्हणाली, “आमच्याकडं दुधाचं सॅम्पल कोण उकळून आणत नाही हो, काका!” ओंकारशेठनी टेबलावर बोटे वाजवली.

पावतीची दुसरी प्रत माझ्या खिशात होती. ती काढून पाहण्याची मला गरज नव्हती. नाझर शाखेत बत्तीस वर्षे मी जप्तीच्या प्रत्येक वस्तूपुढे तेच शब्द लिहीत आलो होतो. गंजलेले पंप, चाके नसलेल्या सायकली, पाय मोडलेली शिवणयंत्रे, सगळे ‘स्वच्छ व सुस्थितीत’. हात ते आपणहून लिहीत असे. ज्या वस्तूची सारी किंमत तिच्या काळेपणात होती, तिच्यापुढेही माझ्या हाताने तेच लिहिले, आणि वाचून पाहण्याचे मला सुचले नाही. इतरांच्या अर्जांतल्या चुका शोधण्यात माझे आयुष्य गेले आहे.

हणमंतने माझ्याकडे पाहिले. त्याला अक्षरे वाचण्याची गोडी नव्हती, पण त्या क्षणी त्याने मला तळापर्यंत वाचले. मग तो चिटणिसांकडे वळला.

“तुमची काय बी चूक न्हाय, भाऊ. कागदात लिवलंय तसं केलंत.”

माझे नाव त्याने घेतले नाही. घेतले असते तर मला उत्तर देता आले असते.

पुराव्याअभावी बचाव अमान्य झाला आणि बंदी कायम झाली. बाहेर एसटी स्टँडसमोर आम्ही तिघे चहाला थांबलो. मी क्षमा मागण्यासाठी वाक्य जुळवत होतो. ते नेहमीप्रमाणे लांबत होते. हणमंतच म्हणाला, “अकरा पानं लई झ्याक व्हती, कोर्टसाहेब. पावतीत तेवढा येक शबुद ज्यादा झाला.” आणि त्याने माझ्याही चहाला ‘साखर कमी’ सांगितले.

त्यानंतर मी मंडळाला सतरा पत्रे पाठवली. एकाचाही परिणाम बंदीवर झाला नाही. मात्र सहाव्या पत्रासोबत मी जेट बदलण्याच्या परवानगीसाठी अर्जाचा एक नमुना तयार करून पाठवला होता, कारण परवानगीचा नियम होता आणि तिचा अर्जच नव्हता. त्यात रकाना सात होता: ‘परवानगी नाकारल्यास कारणे, सही व वेळ’. मंडळाने तो नमुना जसाच्या तसा छापून घेतला, वर ओंकारशेठचा हात जोडलेला फोटो घालून. माझा उल्लेख नाही. पण कारणे लिहून खाली सही करण्याची वेळ आली, की ती न लिहिता होकार देणे आपल्याकडे सर्वांनाच सोपे वाटते, आणि तेव्हापासून त्या मैदानावर कोणाचीही परवानगी नाकारली गेलेली नाही.

पुढच्या हंगामात अश्विनीचे हाड सांधले. ती पुन्हा उतरली त्या दिवशी हणमंत आणि मी इंदापूरच्या माळावर गेलो. बंदी कुंपणाच्या आत येण्यास होती. आम्ही तारेच्या जाळीबाहेर उसाच्या कडेला उभे राहिलो. हणमंतने जाळीत बोटे अडकवली होती. एक बिल्लाधारी स्वयंसेवक आला.

“तात्या, बोटं आत येत्यात.”

मी त्याला ठरावाचे कलम विचारले, बोट म्हणजे व्यक्ती काय असेही विचारले. मी आणखी पुष्कळ विचारणार होतो. हणमंतने निमूट बोटे बाहेर घेतली आणि हात मागे बांधले.

सरावानंतर अश्विनीने आमच्या समोरच इंजिन मारले. प्लग काढून जाळीशी आली आणि रुमालावर धरून त्याच्यापुढे केला.

“बघा, तात्या.”

“मला मनाई हाय,” तो म्हणाला. “तू बघ.”

“इथनं दिसतंय की तुम्हाला!”

“दिसतंय. पर बसायचंय कुणाला त्या गाडीवर?”

ती उन्हाकडे वळली. प्लग उभा धरून बराच वेळ आत पाहत राहिली. हणमंत तिच्याकडे पाहत नव्हता; ऊस बघत होता. “तळाला रेघ हाय,” ती अखेर म्हणाली, “पण अर्धीच. एक वाढवते.” तो काही बोलला नाही. ती थोडा वेळ थांबली, मग नमुन्यातला अर्ज भरायला गेली. पाच मिनिटांत सही झाली.

शर्यत सुरू झाली. दोन फेऱ्या धुळीत गेल्या. तिसऱ्या फेरीला ती सरळ पट्ट्यावर आली आणि तिने पुरते पिळले. आवाज चढू लागला. हणमंतने डोळे मिटले. त्याचे हात केव्हा पुढे आले ते मला कळले नाही, पण दहाही बोटे जाळीत पार आत गेली होती. स्वयंसेवक तेथेच उभा होता. त्याने पाहिले आणि तोंड दुसरीकडे फिरवले. आवाज टिपेला गेला, तेथे राहिला, आमच्यासमोरून तसाच अखंड निघून गेला आणि वळणापलीकडे हळूहळू उतरला.

हणमंतने एकेक करून बोटे सोडवली. तळव्यांवर तारेचे वळ उठले होते. ते त्याने सदऱ्याला पुसले, टोपी सारखी केली आणि उसाच्या कडेने रस्त्याकडे चालू लागला. अजून दोन फेऱ्या बाकी होत्या. मी त्याला हाक मारली. मागे लाउडस्पीकर कोणाचे तरी नाव गर्जत होता. त्याने वळून पाहिले नाही. त्याला ऐकायचे होते तेवढे त्याचे ऐकून झाले होते.